गडचिरोलीच्या मापाने जग

चंद्रपूर, वडसा, ब्रह्मपुरी, अहेरी, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत डोकावा. पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तके उघडून बसलेली दिसतील. त्या पुस्तकांत जगाच्या लोकसंख्येचे एक पान हमखास असते : सर्वाधिक लोकसंख्येचे दहा देश, सर्वांत छोटा देश, सर्वाधिक घनतेचा देश. पान पाठ होते, नशीब असेल तर एखादा गुण मिळतो आणि परीक्षा संपली की पान डोक्यातून जाते. यात मुलांचा दोष नाही. आकडा लक्षात राहायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. 'आइसलँड : सुमारे ३ लाख ९० हजार' एवढेच वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहणार?

प्रस्तुत पुस्तक त्या एका पानाचा विस्तार आहे. जगातल्या देशांच्या लोकसंख्येविषयी वाचताना थबकायला लावणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. त्या गोष्टी पुन्हा इथे सांगत बसण्यापेक्षा वाचकाच्या हाती एक मोजपट्टी द्यावी, असे प्रस्तावना लिहायला घेताना वाटले. ही मोजपट्टी दिल्ली-मुंबईहून आणायची गरज नाही. ज्या दोन जंगली जिल्ह्यांत हे पुस्तक प्रथम वाचले जाणार आहे, त्यांचेच आकडे त्यासाठी पुरेसे आहेत.

म्हणून आधी घरचे आकडे. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली आणि चंद्रपूरची २२,०४,३०७. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, चंद्रपूरचे ११,४४३. २६ ऑगस्ट १९८२पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. इंग्रजांच्या काळात त्याला चांदा म्हणत. दोन्ही एकत्र धरले तर २५,८५५ चौरस किलोमीटरमध्ये पावणेतेहतीस लाख माणसे, असा हिशेब होतो. एवढे आकडे ध्यानात ठेवले की जगाच्या यादीतून फिरायला आपण मोकळे.

पहिला मुक्काम आग्नेय आशियातल्या तिमोर-लेस्ते या देशात करू. आपल्याकडे त्याला पूर्व तिमोर म्हणूनही ओळखतात. एका बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग, डोंगराळ, क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर. तिथे २०१०मध्ये जनगणना झाली, तेव्हा लोकसंख्या १० लाख ६६ हजारांच्या घरात निघाली. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास गडचिरोलीएवढे आणि माणसेही जवळपास गडचिरोलीएवढीच. फरक सहा-सात हजारांचा. आपल्या जिल्ह्याचा असा तंतोतंत जोडीदार जगाच्या नकाशावर आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? हा प्रदेश शतकानुशतके पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९७५मध्ये इंडोनेशियाने तो बळकावला. १९९९मध्ये तिथे सार्वमत झाले आणि २० मे २००२ रोजी तो स्वतंत्र देश झाला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्वही मिळाले. तिथल्या आमसभेत या दहा-तेरा लाखांच्या देशाला एक मत आहे, आणि एकशे चाळीस कोटींच्या भारतालाही एकच.

आता गडचिरोलीचे राजकीय वजन पाहा. विधानसभेचे तीन मतदारसंघ : आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. लोकसभेसाठी मात्र पूर्ण एक जागाही जिल्ह्याच्या वाट्याला येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी व चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातले आमगाव जोडून गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ पुरा केला आहे. एवढ्याच माणसांना एकीकडे राष्ट्रध्वज, परराष्ट्रमंत्री आणि आमसभेत मत. दुसरीकडे अर्ध्याच्या आसपास खासदार. यात गडचिरोलीवर अन्याय झाला, असे मला म्हणायचे नाही. एका मोठ्या देशाचा भाग असण्याचे फायदे तिमोरच्या माणसाला विचारा. तो मोजून सांगेल. मुद्दा इतकाच की देशांच्या यादीत दिसते ती सरहद्दींची यादी. सरहद्द कुठे पडली यावर कोण दिसणार आणि कोण झाकले जाणार हे ठरते. तिमोर-लेस्ते दिसतो, गडचिरोली दिसत नाही. हे पुस्तक वाचताना ही एक गोष्ट मनात पक्की असावी, कारण पुढची बहुतेक आश्चर्ये तिच्यातूनच निघतात.

भामरागडचे घ्या. गडचिरोलीच्या बारा तालुक्यांत सर्वांत कमी लोकसंख्या याच तालुक्याची : २०११मध्ये सुमारे ३६ हजार. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे ठिकाण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटते. युरोपात आल्प्सच्या कुशीत लिख्टेनस्टाइन नावाचा देश आहे. २०११मध्ये त्याचीही लोकसंख्या सुमारे ३६ हजारच होती. त्याच्या गादीवर राजपुत्र आहे, त्याला २५ सदस्यांची संसद आहे, १९९०पासून संयुक्त राष्ट्रांत जागा आहे, ऑलिंपिकमध्ये पथक आहे. भामरागडच्या मतदाराला आपला आमदार एटापल्ली, अहेरी, मुलचेरा आणि सिरोंचा या तालुक्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो.

चंद्रपूर शहराचा जोडीदार तर नकाशावर चांगला ठळक आहे. २०११मध्ये शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख १८ हजार. बाबूपेठपासून तुकूमपर्यंत पसरलेल्या आपल्या महानगरपालिकेत जितकी माणसे, तितक्याच माणसांचा तो देश सुमारे एक लाख तीन हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे गडचिरोलीच्या सातपट जमिनीवर राहतो. त्या देशाचे साहित्य जगभर वाचले जाते आणि त्याच्या फुटबॉल संघाने विश्वचषकापर्यंत मजल मारली. तीन लाख माणसे म्हणजे थोडी की पुष्कळ, हे केवळ आकड्यावरून ठरत नाही असे यावरून दिसते.

आणखी मोठा पल्ला हवा असेल तर मंगोलियात जा. तिथल्या २०२०च्या जनगणनेतला आकडा ३३ लाखांच्या आसपासचा. आपल्या दोन जिल्ह्यांची २०११ची बेरीज त्याच्या अगदी जवळ येते. पण मंगोलियाचे क्षेत्रफळ आहे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर : जुन्या चांदा जिल्ह्याच्या साठपट, उभ्या महाराष्ट्राच्या पाचपट. इतकी जमीन असूनही जवळजवळ निम्मे मंगोल एकट्या उलानबातर शहरात राहतात. मोकळी जागा माणसाला आपोआप बोलावत नाही, रोजगार आणि शाळा बोलावतात, हे वडशाहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला वेगळे सांगायला नको.

जोड्या लावण्याच्या या खेळातली मला सर्वांत भावलेली जोडी महाराष्ट्राची आहे. २०११मध्ये आपल्या राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिको या देशाची जनगणना झाली. आकडा निघाला ११,२३,३६,५३८. सव्वाअकरा कोटींच्या दोन बेरजांमध्ये फरक फक्त ३७,७९५ माणसांचा, म्हणजे आपल्या भामरागड तालुक्याच्या बेताचा. भामरागडची माणसे मोजायची राहून गेली असती, तर महाराष्ट्र आणि मेक्सिको यांच्यात डावे-उजवे करणे कठीण झाले असते. आणि मेक्सिको हा काही लहान देश नव्हे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा आहे.

शेवटची जोडी अगदी छोटी. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव पाचशेच्या आतबाहेरच्या वस्तीचे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये आपल्या बांबूची वाहतूक परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली. जगातला सर्वांत छोटा देश व्हॅटिकन. तिथे राहणारी माणसे हजाराच्या आत आणि जमीन ४४ हेक्टर. मेंढ्याच्या ग्रामसभेकडचे जंगल व्हॅटिकनच्या चाळीसपट भरते. व्हॅटिकन सार्वभौम आहे आणि मेंढा नाही, हे खरेच. पण पाचशे माणसांनी एकत्र बसून, सर्वसहमतीने स्वतःचा कारभार करणे ही नुसती कल्पना नाही, हे दाखवायला आपल्याला रोमपर्यंत जावे लागत नाही.

इथवर नुसती डोकी मोजली. आता घनतेकडे वळू, कारण तिथे आपली सर्वांत पक्की समजूत चुकते. गडचिरोली म्हणजे विरळ वस्तीचा जिल्हा, हे वाक्य सरकारी अहवालांत, बातम्यांत आणि बदली झालेल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी इतक्यांदा येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. २०११मध्ये जिल्ह्याची घनता होती चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५ आणि मुंबई उपनगराची वीस हजारांवर. त्यांच्या शेजारी ७४ म्हणजे काहीच नाही. पण जगाच्या शेजारी ठेवून पाहा. २०११मध्ये जगाची लोकसंख्या ७०० कोटी झाली. अंटार्क्टिका वगळून उरलेल्या जमिनीवर ती वाटली तर चौरस किलोमीटरला पन्नासच्या थोडी वर माणसे येतात. आज ८०० कोटींच्या पुढे गेल्यावरही साठच्या आसपासच. म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत विरळ जिल्हा जगाच्या सरासरीहून दाट आहे. त्या वर्षीच्या आयर्लंडची घनता ६५ होती; गडचिरोली त्याच्याही पुढे. अमेरिका आणि स्वीडन तर फारच मागे.

चंद्रपूरची घनता १९३. त्या सुमारास चीनची घनता होती १४० च्या आसपास. चंद्रपूर चीनपेक्षा दाट आहे, असे एखाद्याला सांगून पाहा. तो आधी हसेल. हसण्याचे कारण असे की चीन म्हटले की आपल्याला शांघायची गर्दी आठवते आणि चंद्रपूर म्हटले की ताडोबा. प्रत्यक्षात चीनचा पश्चिमेकडचा अफाट भाग वाळवंटाचा आणि पठाराचा आहे. हू ह्वानयोंग या चिनी भूगोलतज्ज्ञाने १९३५मध्ये देशाच्या नकाशावर ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे एक रेघ ओढली आणि दाखवून दिले की नव्वद टक्क्यांहून अधिक चिनी माणसे त्या रेघेच्या पूर्वेलाच राहतात. आजही ते प्रमाण फारसे बदललेले नाही. गडचिरोलीच्या नकाशावरही अशी रेघ ओढता येते. उत्तरेला वैनगंगेकाठचा देसाईगंज तालुका धानाचा, व्यापाराचा, वडसा रेल्वे स्थानकाचा. दक्षिणेला एटापल्ली जंगलाचा आणि डोंगराचा, देसाईगंजच्या कितीतरी पट मोठा. २०११मध्ये दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मात्र जवळपास सारखी होती : देसाईगंज सुमारे ८४ हजार, एटापल्ली सुमारे ८२ हजार. जिल्ह्याची ७४ ही सरासरी घनता यांपैकी एकाही तालुक्याला नीट लागू पडत नाही. सरासरीचा आकडा दिसला की त्यात कोणता देसाईगंज आणि कोणती एटापल्ली मिसळली आहे हे विचारायची सवय लागली, तर या पुस्तकाचा अर्धा उद्देश साधला.

लोकसंख्या फक्त वाढतच जाते, ही दुसरी समजूत. आपल्या पिढीने वाढच पाहिली म्हणून ती घट्ट बसली आहे. १९०१च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख १ हजार एवढीच निघाली. मागच्या दहा वर्षांत ती सुमारे १५ टक्क्यांनी घटली होती. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडून गेले होते. विदर्भात महसुली दप्तरांत आजही रिठी गावे सापडतात : नाव आहे, शिवार आहे, नकाशावर हद्द आहे आणि माणूस एकही नाही. त्यांतली काही साथीने ओस पडली, काही दुष्काळाने, काही माणसे दुसरीकडे गेली म्हणून. त्या ६ लाखांपासून २०११च्या पावणेतेहतीस लाखांच्या बेरजेपर्यंत येताना हद्दी थोड्या बदलल्या, पण वाढ पाचपटीहून जास्त झाली यात शंका नाही.

आज घट होते आहे ती दुष्काळाशिवाय. लाटविया या बाल्टिक समुद्राकाठच्या देशात १९८९मध्ये २६ लाख ६६ हजार माणसे होती, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याहून बरीच जास्त. २०२१मध्ये तिथे १९ लाखही उरली नाहीत. बल्गेरियाची लोकसंख्या नव्वद लाखांवरून पासष्ट लाखांवर आली. जपान पंधराएक वर्षांपासून आकसतो आहे. दक्षिण कोरियात २०२३मध्ये एका स्त्रीमागे सरासरी मुले होती ०.७२. खुद्द चीनची लोकसंख्या १९६१नंतर प्रथमच २०२२मध्ये घटली. ही वाट आपल्यापासून दूर आहे असे समजू नये. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर एका स्त्रीमागे १.७ मुले असा निघाला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला हा दर २.१ असावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात तर २००१ ते २०११ या दशकातली वाढ होती अवघी ६.४ टक्के, राज्याची जवळपास १६ टक्के असताना. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी असलेल्या जिल्ह्याची ही गत, तर ज्या तालुक्यांत यांतले काहीच नाही त्यांची काय असेल?

पण हे सगळे आकडे आले कुठून? या प्रश्नापाशी पुस्तके सहसा थांबत नाहीत, म्हणून इथे थोडे थांबू. लेबनॉन या देशात शेवटची अधिकृत जनगणना १९३२मध्ये झाली. तिथे सत्तेची वाटणी धर्मपंथांच्या प्रमाणावर ठरते, आणि नव्याने मोजले तर ते प्रमाण बदललेले निघेल या भीतीने कोणी मोजायला धजावत नाही. किन्शासा ही राजधानी असलेल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची शिरगणती १९८४ची; तेव्हा तीन कोटींच्या आसपास असलेली लोकसंख्या आज दहा कोटींवर गेल्याचे सांगतात, ते अंदाजाने. आफ्रिकेतला सर्वाधिक लोकसंख्येचा नायजेरिया २००६नंतर मोजला गेलेला नाही. आणि आपण? २०२३मध्ये भारताने चीनला मागे टाकले ही बातमी जगभर गाजली. ती संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजावर आधारलेली होती. आपली स्वतःची जनगणना २०११ला झाली आणि २०२१ची महासाथीत लांबणीवर पडली. १८८१पासून दर दहा वर्षांनी न चुकता चाललेला हा क्रम महायुद्धांतही मोडला नव्हता. जगात पहिला क्रमांक मिळाला तेव्हा आपल्यापाशी बारा वर्षांपूर्वीचा हिशेब होता.

मोजणे म्हणजे काय, याचा एक वस्तुपाठ गडचिरोलीनेच जगाला दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६पासून 'सर्च' या संस्थेमार्फत इथल्या गावांत काम सुरू केले. बाळांचे मृत्यू कमी करायचे तर ते होतात किती, हे आधी ठाऊक हवे. सरकारी नोंदींत तो आकडा पुरा सापडत नव्हता. घरी जन्मलेले आणि काही तासांतच गेलेले मूल जन्माच्या नोंदीत येत नाही आणि मृत्यूच्याही नाही. कागदाच्या दृष्टीने ते जन्मलेलेच नसते. म्हणून गावागावांत जन्म आणि मृत्यू टिपून ठेवायची वेगळी व्यवस्था उभी केली गेली. त्या मोजणीच्या पायावर गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले गेले. ३९ गावांतल्या या कामाचा निष्कर्ष १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे भारताच्या आशा कार्यक्रमात ही पद्धत आली आणि इतर देशांनीही ती उचलली. २००१मधल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने तर राज्यातले बालमृत्यू नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दाखवून सरकारला खडबडून जागे केले. सर्वांत कमी घनतेच्या जिल्ह्यातून सर्वांत बारकाईची मोजणी निघाली.

कोणाला कुठे मोजायचे, हाही साधा प्रश्न नाही. आपल्या जनगणनेत घरोघरची मोजणी फेब्रुवारीत होते. २०११मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत एक उजळणी. त्या काळात जो नेहमीच्या घरी एकदाही नव्हता, त्याची गणना तो जिथे असेल तिथे होते. आता या दोन जिल्ह्यांत फेब्रुवारी म्हणजे काय ते आठवा. धान घरात आलेले असते, मोहफूल वेचायला अजून अवकाश असतो, तेंदूचा हंगाम तर मे महिन्यात. हाताला काम नसते, आणि तेव्हाच तेलंगणात मिरची लाल झालेली असते. मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी आणि गडचिरोलीच्या अनेक गावांतून जोडपीच्या जोडपी मिरची तोडायला तिकडे जातात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. प्रगणक म्हणून आलेले गुरुजी कुलूप पाहून पुढे जातात, आणि ही माणसे मोजली गेलीच तर खम्मम जिल्ह्यातल्या एखाद्या शेतावरच्या तात्पुरत्या खोपटात. २०२०च्या टाळेबंदीत हे मजूर हजारोंनी तिकडे अडकले, तेव्हा ती संख्या केवढी आहे ते सगळ्यांना एकदम कळले.

जगाच्या पातळीवर हीच गोष्ट नेपाळची आहे. तिथल्या २०२१च्या जनगणनेत सुमारे २१ लाख ९० हजार माणसे देशाबाहेर असल्याची नोंद झाली. म्हणजे २०११चा अख्खा चंद्रपूर जिल्हा घरातून बाहेर. त्यांतले कित्येक कतारमध्ये सापडतात. कतारचे क्षेत्रफळ जवळपास चंद्रपूर जिल्ह्याएवढेच, साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. २०१०मध्ये तिथे सुमारे १७ लाख माणसे होती आणि बायकांच्या तिप्पट पुरुष. ही निसर्गाची किमया नव्हे. केरळ, नेपाळ, बांगलादेशातून एकटे आलेले मजूर या आकड्यात दडले आहेत. त्याच सुमारास गडचिरोलीत हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. एखाद्या जागी पुरुष फार दिसले तर तिथे कामावर कोण आले आहे ते पाहावे, आणि बायका फार दिसल्या तर तिथून कोण बाहेर पडले आहे ते पाहावे.

मोठा आकडा असला की मान मिळतो, हीही समजूत पुस्तक वाचताना टिकणार नाही. रशिया हा क्षेत्रफळाने जगातला सर्वांत मोठा देश, आणि त्यापेक्षा जास्त माणसे राहतात बांगलादेशात, जो महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. जगाच्या राजकारणात कोणाचे किती ऐकले जाते ते सांगायला नको. भाषेचेही असेच. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार लोक होते. आइसलँडिक बोलणाऱ्यांच्या नऊपटीहून जास्त. आइसलँडिकमध्ये विद्यापीठ चालते, न्यायालय चालते. गोंडी मात्र आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्याच अनुसूचीत असलेली संस्कृत मातृभाषा म्हणून नोंदवणारे २४,८२१ लोक होते आणि बोडो बोलणारे १५ लाखांच्या आत. एटापल्लीत पहिलीच्या वर्गात बसलेल्या माडिया गोंड पोराला बाई काय म्हणतात ते कळत नाही, तेव्हा त्याच्या भाषेचे आकडे कमी पडलेले नसतात.

आकड्यांना वजन येते ते त्यांच्यावर ठरणाऱ्या गोष्टींमुळे. लोकसभेच्या राज्यवार जागा आजही १९७१च्या लोकसंख्येवर बांधलेल्या आहेत; २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत त्या तशाच ठेवायच्या, असे संविधानात लिहिले आहे. ती जनगणना आता आली आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे, आणि तीत स्वातंत्र्यानंतर प्रथमच सर्वांची जात विचारली जाणार आहे. गडचिरोलीच्या दृष्टीने ही मोजणी अधिकच महत्त्वाची, कारण २०११नंतर सुरजागडचे लोहखनिज बाहेर पडू लागले, त्यामागून बाहेरची माणसे आली, रस्ते आले. यांतले काहीही जुन्या तक्त्यांत नाही. तिमोर-लेस्तेने २०२२मध्ये पुन्हा मोजून पाहिले. आकडा १३ लाख ४० हजारांच्या पुढे गेला होता. त्याचा इथला जोडीदार किती वाढला, की वाढलाच नाही, हे आपण अजून मोजलेले नाही.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. पुस्तकात कुठल्याही देशाचा आकडा आला की आपल्या तालुक्याचा आकडा शेजारी मांडून पाहावा. ज्यांचा तालुका भामरागड किंवा कोरची आहे त्यांना गंमत जास्त येईल. आणि आपल्या दोन जिल्ह्यांचे जे आकडे या प्रस्तावनेत दिले आहेत, त्यांच्यासमोर पेन्सिलीने २०११ हे साल लिहून ठेवावे. नवे आकडे जाहीर झाले की ते खोडून दुरुस्त करायचे आहेत. त्याआधी फेब्रुवारीत प्रगणक दारात येतील, तेव्हा मिरची तोडायला गेलेल्या शेजाऱ्याचे नाव, गाव आणि तो कधी परतणार ते त्यांना नीट सांगावे.